परदेशची कुस्ती, घरचा हिशेब

परदेशातली लढत नाकारणाऱ्या पैलवानाला गाव आधी भित्रा ठरवतं. पारावर चर्चा होते, मोबाईलवर टोमणे फिरतात. समोरचा गडी तगडा असेल, वजन उतरलं नसेल, खुराक कमी पडला असेल, अशी कारणं लोक आपापल्या मनानं काढतात. मी करसल्लागार आहे. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बोळात माझं ऑफिस आहे. आडतदार, डाळमिलवाले, शिकवणीवाले यांच्याबरोबर काही पैलवानांचीही विवरणपत्रं मी भरतो. बाहेरची लढत नाकारणारा माझ्या पाहण्यातला एकही गडी समोरच्याला भ्यालेला नव्हता. त्यानं कागदावर वजाबाकी केली होती आणि खाली उरलेला आकडा पाहून तो गप्प बसला होता. ही वजाबाकी लोकांना कधी दिसत नाही. ती दिसावी म्हणून हा लेख.

मी निलंगा तालुक्यातला. आमच्या भागात कुस्तीचं नाव निघालं की रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १९६९ साली ते महाराष्ट्र केसरी झाले, ते अधिवेशन लातुरातच भरलं होतं. पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढं पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी पोरं घडवली. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि नंतर लातूरच्याच काका पवारांच्या तालमीत वाढला. निलंग्याचा माणूस एडिंबराला जाऊन सुवर्ण आणतो, हे ऐकत आमची पिढी तालमीत जोर-बैठका काढायला गेली. माझ्या अंगात पैलवानकी टिकली नाही, पण माती सुटली नाही.

बिराजदार एडिंबराला गेले ते देशाच्या संघातून. संघातून जाणाऱ्या मल्लाला तिकीट, राहणं, जेवण, कोट सगळं मिळतं. त्याला तिथं कुणी पैसे देत नाही, म्हणून कुणी कापतही नाही. पदक आणलं आणि सरकारनं बक्षीस दिलं, तर सरकारनं मान्य केलेल्या अशा बक्षिसाला करातून सूट आहे. हिशेबाचा प्रश्न येतो तो पैशासाठी लढणाऱ्याचा. मुष्टियोद्धा, पिंजऱ्यातल्या मिश्र लढती लढणारा किंवा इनामाच्या कुस्तीला बाहेर बोलावलेला मल्ल स्वतःच्या नावावर जातो. तिथं तो त्या देशाच्या लेखी खेळाडू असतो आणि त्याच वेळी कमाई करून निघून जाणारा परका माणूसही असतो.

कंधार तालुक्यातलं एक पोरगं असंच माझ्याकडं आलं होतं. मातीतली कुस्ती खेळत मोठा झालेला, पुण्यात जाऊन पिंजऱ्यातल्या लढती शिकलेला, पण जत्रेच्या हंगामात अजूनही लंगोट लावून मैदानात उतरणारा. बरोबर त्याचे वस्ताद होते. पोरानं मोबाईलवर आलेला करार छापून आणला होता.

“मामा, पाच हजार डॉलर म्हनायलेत. सव्वाचार लाख होतेत. जावंच वाटायलंय, पर कागद तेवढा बघा.”

वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिले. करार अमेरिकेतला होता. येण्या-जाण्याचं तिकीट आणि हॉटेलची खोली लढणाऱ्याला आणि त्याच्या एका माणसाला. कागदाच्या शेवटाकडं बारीक अक्षरात एक ओळ होती, तिचा अर्थ असा की लागू असणारे सगळे कर लढणारा भरेल. या एका ओळीसाठी मी त्यांना दुपारभर बसवून घेतलं.

तो हिशेब इथं मांडतो. डॉलर सोयीसाठी ८५ रुपये धरू. परका खेळाडू अमेरिकेत कमाई करतो तेव्हा पैसे देणाऱ्यानं त्यातले ३० टक्के आधी कापून तिथल्या आयकर खात्यात भरायचे, असा तिथला नियम आहे. कापायचे तेही एकूण रकमेवर. खर्च किती झाला हे त्या वेळी कुणी विचारत नाही. म्हणजे पाच हजारांतले दीड हजार डॉलर गेले. पोराच्या प्रशिक्षकाचा वाटा दहा टक्के, पाचशे डॉलर. लढती मिळवून देणाऱ्या मॅनेजरचा त्याच्या करारात वीस टक्के, एक हजार. मुष्टियुद्धात हा वाटा एक तृतीयांशापर्यंतही जातो, तेव्हा वीस टक्के म्हणजे माणूस बरा म्हणायचा. उरले दोन हजार डॉलर, एक लाख सत्तर हजार रुपये.

आता घरचे खर्च. कोपऱ्यात उभं राहायला एकटा माणूस पुरत नाही. एक जण जखमेवरचं रक्त थांबवणार, दुसरा डाव सांगणार. दुसऱ्याचं तिकीट, व्हिसा, जेवण मिळून एक लाख पंधरा हजार धरले. मग तपासण्या. अशा लढतीआधी एचआयव्ही आणि बी व सी प्रकारच्या काविळीची रक्ततपासणी, डोळ्यांची तपासणी, हृदयाचा आलेख, कुठं कुठं मेंदूचा एमआरआय, असं सगळं ठरावीक मुदतीतलं लागतं. त्याला वीस हजार. व्हिसाच्या मुलाखतीसाठी हैदराबाद किंवा मुंबई, कागदपत्रांसाठी पुन्हा धावपळ, पंधरा हजार. हातात राहिले वीस हजार. आणि दोन महिन्यांचा खुराक अजून धरलेलाच नाही. दूध, बदाम, तूप, अंडी, मटण, पुण्यातली खोली, जिमची फी मिळून महिन्याला पंचवीस हजार, म्हणजे पन्नास हजार. पोरगा जिंकला तरी तीस हजारांनी खाली.

आमच्या मोंढ्यात सोयाबीन विकायला आलेल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. भाव फळ्यावर लिहिलेला असतो, पण सगळी कापाकापी होऊन घरी न्यायचा आकडा पट्टीवर असतो. परदेशातल्या लढतीचा आकडा हा फळ्यावरचा भाव असतो. वर्तमानपत्र तोच छापतं आणि गावही तोच बोलतं.

वस्तादांनी विचारलं, “पर सरकारचा आपसात करार असतो म्हन्तेत ना, दोनदा कर लागत न्हाई म्हनून?”

प्रश्न बरोबर होता. आपल्या पोरांवर खरा घाव पडतो तो इथंच. भारतात राहणाऱ्या माणसाची जगभरातली कमाई भारतात करपात्र असते. बाहेर भरलेल्या कराची वजावट इथं मिळते. १९६१ च्या आयकर कायद्याखाली त्यासाठी फॉर्म ६७ भरून बाहेरच्या कराचा पुरावा जोडावा लागत असे. पण या वजावटीला एक मर्यादा आहे. त्या कमाईवर भारतात जेवढा कर बसतो, तेवढीच वजावट मिळते, त्याहून एक रुपयाही जास्त नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळं कर शून्य होतो. पोराचं सगळं वर्षाचं उत्पन्न त्याच्या आत. म्हणजे भारतात कर शून्य, म्हणून वजावटही शून्य. अमेरिकेत कापलेले एक लाख साडेसत्तावीस हजार आपलं सरकार त्याला परत देणार नाही, कारण आपल्या सरकारनं ते घेतलेलेच नाहीत.

वर्षाला दोन कोटी कमावणाऱ्या खेळाडूचं असं होत नाही. त्याला भारतात तीस टक्क्यांहून जास्त कर भरायचाच असतो, तेव्हा बाहेरची कपात त्यातून पूर्ण वजा होते. दुहेरी कर टाळण्याची ही सगळी व्यवस्था श्रीमंत खेळाडूला सावरते आणि गरीब खेळाडूच्या अंगावरून निघून जाते. कायद्यात कुणी मुद्दाम असं लिहिलेलं नाही. पण कंधारच्या पोराला बसणारा मार त्यामुळं कमी होत नाही, आणि या विषयावर बोलणाऱ्यांनी हे सांगायला हवं असं मला फार वाटतं.

अमेरिकेच्या कायद्यात वाट आहे का? आहे. ती तीस टक्क्यांची कपात आगाऊ असते, अंतिम कर नसतो. वर्ष संपल्यावर तिथं परक्यांसाठीचं विवरणपत्र भरून, खर्च दाखवून, जादा कापलेली रक्कम परत मागता येते. त्यासाठी आधी तिथला करदात्याचा क्रमांक काढावा लागतो, मग तिथला हिशेबनीस गाठावा लागतो, आणि त्याची फी डॉलरमध्ये असते. दुसरी वाट म्हणजे आधीच अर्ज करून कपात कमी करून घेणं. तो अर्ज कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी पोचावा लागतो. पण नवख्या गड्याला बोलावणं येतं तेच मुळी कुणाचा तरी गुडघा दुखावला म्हणून, लढत तोंडावर आलेली असताना. नामांकित योद्ध्याची लढत सहा महिने आधी ठरते, त्याला ४५ दिवस सहज सापडतात. बदली म्हणून जाणाऱ्याला ते कधीच सापडत नाहीत.

पोरानं नकार कळवला. मी त्याला जा किंवा जाऊ नको असं काहीच म्हणालो नव्हतो, ते ठरवणं माझं काम नव्हे. त्या आठवड्यात त्याच्या भागात काय बोललं गेलं ते मात्र माझ्यापर्यंत आलं, आणि मला फार लागलं.

लातूर-नांदेडच्या मल्लाच्या हिशेबात आणखी एक रकाना असतो, तो हंगामाचा. आमच्याकडं कुस्तीचं वर्ष जत्रांवर चालतं. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथल्या दंगलीला मराठवाड्याबरोबर तेलंगण आणि कर्नाटकातूनही गडी येतात. महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची यात्रा आणि तिचं मैदान. मग चैत्र-वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा. हलगी वाजते, जोड ठरतात, शेवटच्या कुस्तीचं इनाम गावानं वर्गणीतून उभं केलेलं असतं. चांगला मल्ल या काही महिन्यांत वर्षाचा खुराक कमावतो. परदेशातल्या लढतीची तयारी, प्रवास आणि परत आल्यावरची विश्रांती धरली तर यातला मोठा तुकडा जातो. तिथं भुवई फाटली किंवा खांदा निखळला, तर उरलेला हंगामही जातो, आणि जत्रेचं मैदान हुकल्याची भरपाई जगातला कुठलाही करार देत नाही. घरच्या मैदानात इनाम हातात मिळतं. समितीनं चेकनं दिलं आणि दहा टक्के कापले, तरी पॅन असेल तर विवरणपत्र भरल्यावर ते खात्यात परत येतात. त्याचे कागद मी इथं बसून करू शकतो. अमेरिकेतले नाही.

खर्चामुळं बाहेरची वाट अडण्याची गोष्ट आपल्या कुस्तीला नवी नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथं ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा पैसे देणारं कुणी नव्हतं. या दोन सालांच्या मध्ये एक घटना घडली आहे. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. खासबाग मैदान बांधणारं, मल्लांना तालमी आणि तनखे देणारं दरबारी छत्र गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नव्हतं. खाशाबांनी लोकांपुढं हात पसरले, त्यांच्या गोळेश्वर गावानं आणि आसपासच्या गावांनी वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून त्यांची बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदानं लावून, त्यातून पैसे उभे करून प्राचार्यांचं देणं फेडलं. हे कमी लोकांना ठाऊक असतं. मला मिरवणुकीपेक्षा ही फेड मोठी वाटते. देशासाठी गेलेल्या माणसानं परत येऊन प्रवासखर्चासाठी कुस्त्या केल्या.

त्याआधी १९१० साली गामा पैलवान लंडनला गेले, तेव्हाही शरत्कुमार मित्र नावाचे बंगाली धनिक पाठीशी होते. मल्ल परदेशी गेला असं आपण म्हणतो, पण प्रत्येक वेळी कुणीतरी त्याला पाठवलेलं असतं. आज ती जागा प्रवर्तक कंपन्यांची आहे. बीजिंगचं ऑलिंपिक कांस्य गळ्यात असलेला मुष्टियोद्धा विजेंदर सिंग २०१५ साली इंग्लंडमधल्या क्वीन्सबेरी कंपनीशी करार करून मँचेस्टरला गेला. आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसी या मिश्र लढतींच्या कंपनीच्या पिंजऱ्यात उतरला. असं नाव आधी झालेलं असेल तर खर्च उचलणारा मिळतो. नाव व्हायच्या आधीची जी दोन-तीन वर्षं असतात, त्यांत पाठवणारा कुणी नसतो.

आता मोठ्या नावांकडं वळतो, कारण तेही लढती आणि शर्यती नाकारतात. त्यांचा हिशेब मात्र वेगळा.

२०१० साली धावपटू उसेन बोल्टनं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधली शर्यत सोडली आणि कारण उघड सांगितलं, कर. ब्रिटनमध्ये परक्या खेळाडूला शर्यतीच्या मानधनावर कर लागतोच. त्याशिवाय बूट-कपड्यांच्या कंपन्यांकडून त्याला जगभर मिळणाऱ्या जाहिरातीच्या पैशातला काही हिस्साही, तो ब्रिटनमध्ये जेवढा खेळला त्या प्रमाणात, ब्रिटन आपला समजतं. टेनिसपटू आंद्रे आगासीनं याविरुद्ध दाद मागितली होती. माझ्या कंपनीला पैसे देणारे ब्रिटनबाहेरचे, घेणारी कंपनीही बाहेरची, मग ब्रिटनचा संबंध काय, असं त्याचं म्हणणं. २००६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं ते फेटाळलं. बोल्टसारख्याच्या बाबतीत एका संध्याकाळच्या मानधनापेक्षा जाहिरातीवरचा कर जास्त होऊ शकत होता. पळायचं आणि वर पदरचे पैसे द्यायचे.

पुढं काय झालं ते बघण्यासारखं आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटननं परक्या खेळाडूंना हा कर माफ केला. २०१३ मध्ये ऑलिंपिकच्या स्मरणार्थ झालेल्या स्पर्धेसाठी आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेसाठी पुन्हा माफ केला. बोल्ट दोन्हीकडं धावला. एवढा मोठा माणूस येत नाही म्हटल्यावर सरकारनं कायदा वाकवला. ब्रिटनचं एक मात्र मोकळेपणानं सांगतो. लहान खेळाडूला तिथं तेवढा त्रास नाही. वर्षाची एकूण रक्कम १२,५७० पौंडांच्या आत असेल तर आगाऊ कपात करावी लागत नाही, त्याच्या वर गेली तर वीस टक्के. कंधारच्या पोराची हीच लढत मँचेस्टरला असती तर मी त्याला दुपारभर बसवून घेतलं नसतं.

फिलिपिन्सचा मुष्टियोद्धा मॅनी पॅक्याव दुसऱ्या टोकाचं उदाहरण. अमेरिकेतला वरच्या टप्प्याचा आयकर २०१३ मध्ये ३९.६ टक्के झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅक्याव ब्रँडन रिओसशी लढला तो लास व्हेगास सोडून मकावला. तिथला कर बारा टक्क्यांच्या आसपास. त्याच्या प्रवर्तकानं कराचं कारण लपवलं नाही. खुद्द अमेरिकेतही मोठ्या लढती लास व्हेगासला खेचल्या जातात, त्यात नेवाडा राज्याचा स्वतःचा आयकर नाही याचाही भाग आहे. न्यूयॉर्कमध्ये केंद्राच्या वर राज्याचा आणि शहराचाही कर बसतो. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो देश निवडू शकतो, राज्य निवडू शकतो.

पण कागदानं पॅक्यावलाही सोडलं नाही. रिओसला हरवून तो घरी परतला आणि त्याच आठवड्यात बातमी आली की फिलिपिन्सच्या कर खात्यानं त्याची बँक खाती गोठवली आहेत. मागणी २.२ अब्ज पेसोंची, २००८ आणि २००९ सालची. पॅक्याव म्हणत होता, मी अमेरिकेत कर भरलाय. खातं म्हणत होतं, अमेरिकेच्या कर खात्याचा प्रमाणित दाखला आणा, प्रवर्तकाचं पत्र चालणार नाही. हे प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं आणि २०२२ मध्ये त्याच्या बाजूनं निकाल लागला. जगातल्या सर्वात नावाजलेल्या मुष्टियोद्ध्याला, वकिलांची फौज हाताशी असताना, एका दाखल्यासाठी नऊ वर्षं लागली. म्हणून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगतो, जायचं ठरवलंस तर पैसे घेण्याआधी कपातीचा दाखला मागून घे. प्रवर्तक कंपनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

आपला कायदा कधीकाळी बाहेर कमावणाऱ्या खेळाडूला हात देत होता. आयकर कायद्यात ८०आरआर नावाचं कलम होतं. लेखक, कलावंत, वादक, नट, खेळाडू यांनी परदेशातून कमावून परकीय चलनात भारतात आणलेल्या पैशाचा मोठा हिस्सा त्यामुळं करातून सुटायचा. सचिन तेंडुलकरनं जाहिरातींच्या परदेशी कमाईवर हीच सूट मागितली होती, खेळाडू म्हणून नाही तर कॅमेऱ्यापुढं अभिनय करणारा म्हणून, आणि २०११ साली मुंबईच्या आयकर लवादानं ती मान्य केली. पण निकाल लागला तोवर कलमच गेलं होतं. २००० नंतर ही सूट टप्प्याटप्प्यानं घटवली आणि २००५-०६ च्या आकारणी वर्षापासून बंद केली. तेव्हा परकीय चलनाची टंचाई सरली होती, सरकारला ती सूट उधळपट्टी वाटली असेल. त्या कलमाचा मोठा लाभ बड्यांनीच घेतला हेही खरं. पण खेळाडूंपुरती, ठरावीक रकमेच्या आत ती ठेवता आली असती.

उलट्या दिशेचा कायदाही सांगतो, कारण आपल्या जत्रांमध्ये आता परदेशी मल्ल येऊ लागलेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या मोठ्या मैदानांत इराणी पैलवानाची जोड लागली की गर्दी दुप्पट होते. परदेशी खेळाडूनं भारतात कमावलेल्या पैशावर १९६१ च्या कायद्याच्या ११५बीबीए कलमानं वीस टक्के कर, वर उपकर, आणि तोही एकूण रकमेवर, खर्चाची कुठलीच वजावट न देता. कापायची जबाबदारी पैसे देणाऱ्याची, म्हणजे गावच्या यात्रा समितीची. नारळ, फेटा आणि गदा यांची व्यवस्था करणाऱ्या पंचमंडळींना हे कलम सांगायला कुणी जात नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तेव्हा आता तर सांगायची गरज जास्त आहे. तेहरानहून आलेल्या पोराचा हिशेबही कंधारच्या पोरासारखाच असतो. त्यालाही खुराक लागतो, त्याचाही मॅनेजर वाटा घेतो. आपण अमेरिकेकडून न्याय मागायचा तर आपल्या मैदानात आलेल्या पाहुण्याच्या खर्चाची दखल आपल्या कायद्यानंही घ्यायला हवी.

अमेरिकेशी आपला दुहेरी कर टाळण्याचा करार १९८९ साली झाला. त्याच्या अठराव्या कलमात कलावंत आणि खेळाडूंसाठी सोय आहे. भेटीचा आणि कार्यक्रमाचा खर्च वजा जाता वर्षाला १,५०० डॉलरच्या आत उरत असेल, तर अमेरिकेनं कर घेऊ नये. कंधारच्या पोराचा हिशेब या कलमाला लावून पाहिला. कर बाजूला ठेवला आणि तयारीचा खर्च मान्य झाला, तर त्याच्या हातात साडेअकराशे डॉलरच्या आसपास उरत होते. म्हणजे करारानुसार त्याच्यावर कर बसायलाच नको. पण उरले किती हे लढत झाल्यावर कळतं, आणि कापतात मात्र पैसे देतानाच. हक्क कागदावर आहे, तो वसूल करायचा तर परत तोच अमेरिकन हिशेबनीस, तोच क्रमांक, तीच वर्षभराची वाट.

ही १,५०० डॉलरची मर्यादा १९८९ पासून तशीच आहे. तेव्हाचे १,५०० डॉलर आणि आजचे यात किती फरक पडला ते वेगळं सांगायला नको. अमेरिका इतर देशांशी करार करताना जो नमुना पुढं ठेवते, त्यात २०१६ पासून हीच मर्यादा तीस हजार डॉलर आहे, आणि ती एकूण रकमेवर मोजायची आहे, खर्चाचे कागद न मागता. आपल्या करारात ती आली तर पाच हजार डॉलरच्या लढतीला कपातीतून सोडणं प्रवर्तकालाही सोपं जाईल, कारण आकडा लढतीच्या करारावरच लिहिलेला असेल. या दुरुस्तीनं सरकारी तिजोरीला भोक पडणार नाही. वर्षाला असे किती पैलवान आणि मुष्टियोद्धे अमेरिकेत जातात? दिल्लीत अर्थ मंत्रालयाचा जो विभाग असे करार करतो, त्याच्याकडं ही मागणी क्रीडा खात्यानं आणि कुस्तीगीर संघटनांनी न्यायला हवी. मल्लांसाठी राज्यात योजना निघतात, मॅट वाटली जातात, गदा दिल्या जातात, आणि ते झालंच पाहिजे. त्याबरोबर क्रीडा खात्यानं एक करसल्लागार नेमावा, जो परदेशचा करार हातात आलेल्या पोराला तो मराठीत वाचून दाखवेल, ४५ दिवसांचा अर्ज भरून देईल आणि लढत संपल्यावर परतावा मिळेपर्यंत पाठपुरावा करेल.

तोवर लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही तालमीतल्या पोरानं करार घेऊन माझ्याकडं यावं. फी घेणार नाही. सही करण्याआधी यावं, एवढंच सांगणं. कराची ओळ कोणाच्या नावावर आहे, दुसऱ्या माणसाचं तिकीट कोण देणार, दुखापत झाली तर दवाखाना कोणाचा आणि लढत ऐनवेळी रद्द झाली तर झालेला खर्च कोण भरणार, हे बघायला एक दुपार पुरते. कंधारचा तो गडी या हंगामात माळेगावला खेळला. पुढच्या वर्षी ब्रिटनमधून बोलावणं यायचं आहे, असं त्याचे वस्ताद फोनवर सांगत होते. तो कागद येईल तेव्हा येईल. त्याचं पासपोर्टचं नूतनीकरण मात्र आम्ही आत्ताच करायला टाकलंय.